काजळी, तुरटी आणि घोड्याचे केस

कृत्रिम माशी बांधून ट्राउट आणि सामन मासे धरण्याच्या इंग्रजी छंदाचा इतिहास लिहिणारे बहुधा नद्यांच्या आणि उमरावांच्या वर्णनात रमतात; परंतु या छंदाचे खरे दप्तर, माझ्या मते, स्वयंपाकघरात सापडते, कारण ज्या केसांची दोरी वळली जाई आणि ज्या लोकरीची माशी बांधली जाई, ते जिन्नस रंगविण्याची तजवीज घरच्याच भांड्यात, अल्प मोलाच्या वस्तूंनी होत असे.

१४९६ साली विंकिन द वर्ड याने वेस्टमिन्स्टर येथे छापलेल्या, आणि परंपरेने डेम जुलियाना बर्नर्स हिच्या नावावर चालत आलेल्या प्रबंधात, गळाच्या दोरीसाठी पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचे केस निरनिराळ्या रंगांत रंगविण्यास सांगितले असून प्रत्येक रंगाला ऋतूही नेमून दिला आहे: स्वच्छ पाण्यात एप्रिल ते सप्टेंबर हिरवा, त्यापुढे पाणगवत तुटून पिवळे पडते म्हणून पिवळा, हिवाळ्यात तांबूस. पुढे १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टन याने आपल्या ग्रंथात जी कृती दिली, ती तर एखाद्या काटकसरी गृहिणीच्या वहीतील वाटावी: एक पाइंट कडक एल, अर्धा पौंड काजळी, अक्रोडाच्या पानांचा थोडा रस आणि तितकीच तुरटी अर्धा तास उकळावी, निवू द्यावी, आणि मग केस त्यात टाकून ठेवावेत, म्हणजे त्यांना पाण्यासारखी वा काचेसारखी हिरवट झाक येते. अधिक गडद हिरव्यासाठी तुरटी, मॅरिगोल्डची फुले आणि हिराकस. तुरटी फुलांचा पिवळा रंग केसाला धरून ठेवते आणि हिराकस त्याला काळसर हिरवेपणाकडे झुकविते, हे आपल्याकडच्या जुन्या रंगाऱ्यांना कोणी शिकवावे लागले नसते.

त्याच ग्रंथाच्या १६७६ च्या आवृत्तीला वॉल्टनचा मित्र चार्ल्स कॉटन याने स्वतंत्र भाग जोडला. डव्ह नदीकाठचा हा जमीनदार कर्जाने सदैव गांजलेला, आणि त्याच्या माश्यांचे साहित्यही अस्वलाचे केस, उंटाचे केस, डुकराची लव असेच. निसर्गानेच दिलेला रंग त्याला पुष्कळदा पुरेसा वाटे, असे दिसते.

१८५६ मध्ये रसायनशास्त्र शिकणारा अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन बनवू गेला आणि डांबरापासून जांभळा रंग काढून बसला. तेव्हापासून रंग पुड्यांत मिळू लागला. तरीही व्हिक्टोरियन काळात सामनच्या माश्यांसाठी परमुलखांतील पक्ष्यांची पिसे मोठ्या हौसेने जमविली जात, त्यांत सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेची, मेणासारख्या चकचकीत ठिपक्यांची पिसेही असत. हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्ये वन्य पक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली आणि ब्रिटनने १९२१ मध्ये आयातीविरुद्ध कायदा केला. त्यातून रंगविलेल्या हंसाच्या व बदकाच्या पिसांची किंमत वाढली, रानकोंबड्याच्या ठिपक्याला मात्र कोणताही रंग नक्कल करू शकेना.

घरगुती भट्टी अद्याप विझलेली नाही. अमेरिकेत १९२७ मध्ये एडविन पर्किन्स याने (नावांचा हा योगायोग मला फार आवडतो) शोधलेल्या कूल-एड या सरबताच्या बिनसाखरेच्या पुड्या कित्येक जण पिसे रंगविण्यास वापरतात, कारण रंगाबरोबर लागणारे आम्लही त्यांत असते आणि पिसांतील प्रथिन आम्लातच रंग पकडते. पिसे आधी साबणाने धुऊन तेलकटपणा घालवावा आणि पाणी उकळू देऊ नये, एवढेच पथ्य. ज्यांना लाल-निळा भडकपणा नको असतो, ते व्हिनेगर आणि कांद्याच्या साली वापरतात, आणि त्यातून निघणारी मळकट पिवळी छटा, मी म्हणेन, नदीतल्या किड्यांच्या अंगी दुकानातल्या पुडीपेक्षा अधिक शोभते.