कात्रीने कापलेली गुणसूत्रं

ऐंशीच्या दशकात मी परळच्या एका रुग्णालयात सायटोजेनेटिक्सची तंत्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा आमच्या टेबलावर मायक्रोस्कोपच्या खालोखाल मान होता तो कात्रीला. रुग्णाच्या मज्जेतल्या पेशींचे फोटो डार्करूममधून धुऊन, वाळवून आले की त्यातलं एकेक गुणसूत्र कडेकडेने कापायचं, उंचीप्रमाणे लावायचं, जोड्या जमवायच्या आणि गोंदाने कार्डावर चिकटवायच्या. त्या वेळी पंखा बंद ठेवावा लागे, कारण एकविसावं आणि बाविसावं गुणसूत्र कागदाच्या कपट्याएवढंही नसायचं. ल्युकेमियाच्या रुग्णात तर नेमकं तेच बाविसावं आम्हाला हवं असायचं.

आता हे काम पडद्यावर होतं, आणि त्याबद्दल मला हळहळ नाही. हळहळ एवढीच वाटते, की बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा इतिहास सांगताना शस्त्रक्रिया, औषधं, नोबेल पारितोषिकं यांचीच नावं येतात. कोणाला मज्जा दिली तर तो वाचेल आणि कोणाला दिली तर उपचारच त्याचा जीव घेतील, हे जगाला ज्यांच्यामुळे कळलं ते दोन प्रकारचे लोक होते. एक, गुणसूत्रं मोजणारे. दुसरे, रुग्ण घरी गेल्यावरही वर्षानुवर्षं त्याची खबर घेऊन वहीत लिहिणारे. या दोघांबद्दल मला लिहायचं आहे.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती, हा प्रश्नच सुटायला फार वेळ लागला. १९२३ साली टेक्सासच्या थिओफिलस पेंटर यांनी ४८ हा आकडा दिला आणि पुढची ३३ वर्षं तो पाठ्यपुस्तकांत राहिला. पेशीत गुणसूत्रं एकमेकांवर पडलेली असतात. त्या गुंत्यात ज्याला जे अपेक्षित तेच दिसतं. हा गुंता सुटला तो एका चुकलेल्या द्रावणामुळे. गॅल्व्हस्टनला टी. सी. शू काम करत होते. एके दिवशी त्यांच्या पेशी धुण्याचं मिठाचं पाणी कोणाकडून तरी पातळ झालं. पेशी फुगल्या आणि गुणसूत्रं सुटी सुटी पसरली. ते पाणी कोणी बनवलं याचा शू यांनी शोध घेतला, पण त्या तंत्रज्ञाचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. जगातल्या प्रत्येक सायटोजेनेटिक्स लॅबमध्ये आज रोज जे पातळ द्रावण वापरतात, ते त्या अनाम हाताचं आहे. मी नवीन मुलींना शिकवताना ही गोष्ट आवर्जून सांगत असे. इतकं सुंदर चित्र समोर असूनही शू यांनी १९५२ मध्ये ४८ च मोजली! खरा आकडा सापडला तो १९५५ च्या डिसेंबरात, स्वीडनमधल्या लुंड गावी, मूळच्या जावा बेटावरच्या जो हिन तिजो यांना. अल्बर्ट लेव्हान यांच्याबरोबर त्यांनी १९५६ मध्ये ४६ जाहीर केला.

त्यानंतर चारच वर्षांनी कॅन्सरची पाळी आली. फिलाडेल्फियात पीटर नोवेल ल्युकेमियाच्या पेशी काचपट्टीवर वाढवत होते. पट्टी त्यांनी नळाच्या साध्या पाण्याने धुतली आणि पेशी फुगून गुणसूत्रं दिसू लागली. नोवेल यांना गुणसूत्रांचं विशेष ज्ञान नव्हतं, म्हणून त्यांनी डेव्हिड हंगरफोर्ड या तरुण संशोधकाला जोडीला घेतलं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत हंगरफोर्डला एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. १९६० साली हे छापून आलं आणि त्या आखूड गुणसूत्राला शहराचं नाव मिळालं, फिलाडेल्फिया क्रोमोसोम. कॅन्सर हा पेशीच्या जनुकीय साठ्यात झालेल्या बदलाचा आजार असू शकतो, याचा डोळ्यांनी दिसणारा तो पहिला ठोस पुरावा होता. त्याच वर्षी नोवेल यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: राजम्यातून काढलेला अर्क घातला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाटलीत विभागू लागतात. आपल्या साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा त्याच जातीचा. ज्या आजारांत रक्तावर काम भागतं, तिथे प्रत्येक नमुन्यात आम्ही तो अर्क घालत असू.

पण आखूड म्हणजे काय? तुकडा हरवला की दुसरीकडे गेला? याचं उत्तर शिकागोच्या जॅनेट राऊली यांनी दिलं, आणि या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती हीच बाई. डॉक्टर झाल्या, दुसऱ्या दिवशी लग्न केलं, चार मुलगे झाले, आणि बरीच वर्षं आठवड्यातले काही दिवसच नोकरी केली. नवऱ्याच्या रजेच्या निमित्ताने ऑक्सफर्डला गेल्या, तिथे गुणसूत्रं बघायला शिकल्या. परत येऊन लिऑन जेकबसन यांच्याकडे एक मायक्रोस्कोप आणि थोडी जागा मागून घेतली. १९७० च्या सुमारास स्वीडनच्या टॉर्ब्यॉर्न कास्परसन यांनी गुणसूत्रांवर पट्टे उठवणारी रंगाची पद्धत काढली होती. त्याआधी गुणसूत्रं पाहणाऱ्यांना त्यांचे बहुतेक फक्त गट कळत. पट्ट्यांमुळे प्रत्येकाची ओळख पटू लागली. राऊलींनी फोटो घरी नेले, जेवणाच्या टेबलावर कापले, मांडले. आई कागदी बाहुल्यांशी खेळते म्हणून मुलं चिडवायची. त्या टेबलावर १९७२ मध्ये त्यांना दिसलं, की एका रुग्णात आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली आहे. मग फिलाडेल्फिया क्रोमोसोमकडे पुन्हा पाहिलं, तर बाविसाव्याचा हरवलेला तुकडा नवव्याच्या टोकाला लागलेला होता. दोन्ही शोध १९७३ साली प्रसिद्ध झाले. १९७७ मध्ये पंधरा आणि सतराची अदलाबदल सापडली. अशी अदलाबदल हे कॅन्सरचं कारण असू शकतं हे लोकांच्या गळी उतरवायला त्यांना बरीच वर्षं लागली. त्यांनी वाद घातला नाही, पुढचा रुग्ण मोजला.

इकडे मज्जा देण्याचं काम वेगळ्याच वाटेने चाललं होतं, आणि ती वाट फार दुःखाची होती. डोनल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांना दुसऱ्यांची मज्जा शिरेतून दिल्याचं लिहिलं. त्यातला कोणीच फार दिवस जगला नाही. १९७० साली मॉर्टिमर बॉर्टिन यांनी तोवर छापून आलेल्या २०३ ट्रान्सप्लांटची एकत्र यादी केली. त्यातले बहुतेक रुग्ण दगावले होते. ती यादी वाचून अनेकांनी हा नाद सोडला असेल, पण बॉर्टिन यांनी नोंदवही बंद केली नाही. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात त्यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय नोंदणी सुरू झाली. जगभरच्या केंद्रांनी आपल्या रुग्णांची माहिती तिथे पाठवायची: कोणता आजार, कोणाची मज्जा, काय झालं, कधी झालं. यश कळवायला सगळे तयार असतात. अपयश त्याच ओळीत, त्याच प्रामाणिकपणे लिहायला लावणं हे त्या वहीचं मोठेपण आहे.

थॉमस यांच्या सिएटलच्या तुकडीनेही तसंच केलं. १९७७ साली त्यांनी शंभर रुग्णांचा हिशेब मांडला. सगळे शेवटच्या टप्प्यातले, औषधं संपलेले. त्यातले तेरा आजाराशिवाय जिवंत होते. तेरा हा आकडा लहान वाटेल. पण ते तेरा जण दुसऱ्या कोणत्याही उपायाने वाचले नसते. त्यावरून पुढचं शहाणपण सुचलं, की शेवटपर्यंत थांबायचं नाही, आजार दबलेला असतानाच मज्जा द्यायची.

गुणसूत्रं आणि मज्जा यांची गाठ पडली तीही सिएटललाच. बहिणीला भावाची मज्जा दिली की तिच्या रक्तपेशींत वाय गुणसूत्र दिसू लागतं, म्हणजे भावाची मज्जा रुजली हे मोजून सांगता येतं. १९७१ साली तिथल्या तुकडीने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अशा एका मुलीची हकीकत दिली. ल्युकेमिया उलटला होता, आणि उलटलेल्या पेशी भावाच्या होत्या. निरोगी भावाच्या पेशी बहिणीच्या शरीरात जाऊन बिघडल्या. हे वाचल्यापासून मी भाऊ-बहीण जोडीचा नमुना कधीही घाईत मोजला नाही.

आपल्याकडे १९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं. ते सिएटलला थॉमस यांच्याकडे शिकून आले होते. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, मज्जा भावाची. ही बातमी गावोगाव गेली. त्यानंतर माझ्याकडे नमुना घेऊन येणारे बाप विचारत, "ताई, धाकट्याचं जुळंल का?" जुळणं पाहायची लॅब वेगळी होती, पण खिडकीवर जी बाई दिसेल तिलाच विचारणार. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. चार-पाच भावंडांच्या घरात तेव्हा आशा असायची.

मज्जा जुळली तरी द्यायची का, या प्रश्नाचं उत्तर मात्र मोजणीत होतं. १९९८ मध्ये डेव्हिड ग्रिमवेड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या एका चाचणीतल्या १६१२ अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांची गुणसूत्रं आणि त्यांचं पुढे काय झालं हे शेजारी शेजारी ठेवलं. राऊलींना जेवणाच्या टेबलावर दिसलेली आठ-एकवीस आणि नंतर सापडलेली पंधरा-सतरा ही अदलाबदल असलेल्यांपैकी बरेच औषधांनीच बरे होत होते. सातवं गुणसूत्र नाहीसं झालेले, किंवा एकाच वेळी अनेक गुणसूत्रं बिघडलेले, यांची गत वाईट होती. चांगल्या गटात पाच वर्षांनी सुमारे ६५ टक्के जिवंत, वाईट गटात १४. म्हणजे पहिल्या गटाला पहिल्याच फेरीत मज्जा देऊन उपचारांचा धोका पत्करायचं कारण नव्हतं. दुसऱ्या गटासाठी मात्र दाता लगेच शोधायला हवा होता. ज्यांना मज्जा दिली नाही आणि म्हणून जे वाचले, त्यांचे सत्कार कुठेच होत नाहीत. त्यांच्या वाचण्यात मोजणाऱ्यांचा वाटा मला सर्वांत मोठा वाटतो.

नोंदवहीनेही तोवर मोठी गोष्ट दाखवली होती. १९९० मध्ये मेरी होरोविट्झ यांनी २२५४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. तंतोतंत जुळ्या भावंडाची मज्जा मिळालेल्यांत नव्या मज्जेचा शरीराला त्रास होत नाही, पण ल्युकेमिया जास्त उलटतो. परक्या मज्जेचा थोडा त्रास ज्यांना झाला त्यांच्यात तो कमी उलटतो. नवी मज्जा उरलेल्या कॅन्सरशी लढते हे इतक्या रुग्णांच्या आकड्यांनिशी पक्कं झालं. एका रुग्णालयाच्या रुग्णसंख्येत हे कधीच दिसलं नसतं.

आमच्याकडचं दुखणं इथेच होतं. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी आहे, देशातली पहिली, डॉ. जस्सावालांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. पण शहराबाहेरून आलेला रुग्ण ट्रान्सप्लांटनंतर गावी गेला की त्याचा माग लागणं कठीण. पत्ता म्हणून फक्त गाव आणि तालुका लिहिलेला असे. मी काढलेल्या गुणसूत्रांच्या कित्येक तक्त्यांतलं माणूस पुढे जगलं की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही.

२००१ मध्ये इमॅटिनिब आलं. फिलाडेल्फिया क्रोमोसोममुळे तयार होणारं प्रथिनच ते अडवतं. क्रॉनिक मायलॉइडच्या रुग्णांना त्यानंतर मज्जेची गरज क्वचित उरली, आणि आमच्याकडे भावंडांना घेऊन येणारी ती कुटुंबं हळूहळू दिसेनाशी झाली. इतका आनंद मला नोकरीत दुसऱ्या कशाने झाला नाही.

आता जनुकांची अक्षरं थेट वाचतात. २०१७ मध्ये कोलमन लिंड्सली आणि सहकाऱ्यांनी मायलोडिस्प्लेसिया या मज्जेच्या आजाराच्या १५१४ रुग्णांचे ट्रान्सप्लांटआधी साठवून ठेवलेले नमुने वाचले. टीपी५३ हे जनुक बिघडलेल्यांना मज्जा देऊनही आयुष्य कमी मिळालं, हे त्यात दिसलं. नमुने आले होते मिलवॉकीत सुरू झालेल्या त्या नोंदणीशी जोडलेल्या साठ्यातून, आणि प्रत्येक नमुन्याबरोबर रुग्णाचं पुढचं आयुष्य लिहिलेलं होतं. अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या, युरोपियन ल्युकेमियानेटने केलेल्या २०२२ च्या वर्गवारीतही जनुकांच्या शेजारी गुणसूत्रांचा तक्ता आहेच. तो काढायला पेशी जिवंत लागतात. म्हणून मज्जा हेपॅरिनच्या नळीत घ्यावी, गोठवू नये, शक्यतो त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवावी. आणि सोबतच्या कागदावर रुग्णाचा पूर्ण पत्ता, घरातल्या दोघांचे तरी फोन नंबर लिहून घ्यावेत.