कोंडवाड्याचा कायदा

‘कोंडवाडा’ म्हटले की साहित्याच्या अभ्यासकाला दया पवारांचा १९७४चा कवितासंग्रह आठवतो. या शब्दामागे १८७१चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदाही उभा आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. दावे तोडून पिकात शिरलेले जनावर शेतकऱ्याने धरावे व चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे, असा तो नियम. दंडाचा तक्ता मोठा वाचनीय आहे: हत्तीला दोन रुपये, म्हशीला आठ आणे, गाय-बैलाला चार आणे, शेळी-मेंढीला एक आणा. वैरणीचा खर्च वेगळा. मालक आलाच नाही तर नोटीस, मग लिलाव.

इथवर हा शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला तंटा होता. १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलात शिरलेले गुरूही याच कलमाखाली आणले, आणि फरक पडला तो येथे. शेतात नुकसान दिसावे लागे. जंगलात नुसते शिरणे हेच नुकसान ठरले. जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) जंगलखात्यावर इतके का संतापतात, हे या तरतुदीशेजारी ठेवून वाचावे. बेकायदा धरपकडीविरुद्ध दहा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे दाद मागण्याची सोय कायद्यात होती खरी. पण मेंढ्या रानात सोडून कचेरीची वाट धरणे कोणत्या धनगराला परवडले असते?