पी-मूल्य आणि स्तनतपासणी
टाटा मेमोरियल सेंटर या संस्थेने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांतील दीड लाखावर स्त्रियांचे दोन गट करून, आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीने कर्करोगाचे मृत्यू घटतात का, हे पडताळायला घेतले. २०२१ च्या निष्कर्षांत तपासणी झालेल्या गटात मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले. पण पी-मूल्य, म्हणजे तपासणी निरुपयोगी असतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.०७ आल्याने संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या काळापासून रुळलेली ०.०५ ची मर्यादा हुकली. पन्नाशीपुढील स्त्रियांत मात्र घट सुमारे ३० टक्के आणि मूल्य ०.०२ होते. ०.०७ वरून तपासणी निष्फळ ठरवणे उतावीळपणाचे होईल, आणि उपगटातील आकडाही जपूनच वाचावा लागतो, कारण जितके गट पाडावेत तितका योगायोगाला वाव वाढतो.