सेकंडहँड मोटरहोम घेतलंय? पडदे आणि दिवे लावण्याआधी ही कामं करा

इन्स्टाग्रामवर एक रील हमखास दिसते. डोंगराच्या कडेला उभी गाडी, मागचं दार उघडं, आत पांढरी चादर, पिवळे दिवे आणि हातात चहाचा कप. ती बघून कित्येकांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा कुणीतरी आधीच तयार करून वापरलेलं मोटरहोम घ्यायचं ठरवलंय. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच वर्षी केरळने 'केरावन केरळ' योजना जाहीर केली. त्यानंतर हा विषय आपल्याकडेही चांगलाच चर्चेत आला.

पण गाडी ताब्यात आल्यावर पुढे काय? बहुतेक जण आधी सनमायका बदलतात, नवी गादी आणतात, एलईडी पट्ट्या लावतात. खरी गडबड इथेच होते. जुन्या मोटरहोममध्ये बिघाड असतात ते सनमायकाच्या मागे, फरशीच्या खाली आणि कागदांमध्ये. म्हणून कोणती कामं आधी करायची, कोणती नंतर आणि का, ते एकेक करून समजून घेऊया.

आरसीवर नेमकं काय लिहिलंय?

सगळ्यात आधी आरसी उघडा. त्यावर वाहनाचा प्रकार काय आहे? मोटर कॅरॅव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन अशी नोंद असेल तर अर्धी चिंता मिटली. पण आरसीवर बारा सीटची प्रवासी गाडी आणि आत मात्र दोन बेड, किचन आणि संडास असेल, तर ती गाडी कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरीच आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. त्याहून मोठा धोका विम्याचा. अपघात किंवा आग लागली आणि गाडी आरसीप्रमाणे नसल्याचं दिसलं, तर क्लेम अडकू शकतो.

मोटर कॅरॅव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. आधीच्या मालकाने गाडी कुठे तयार करून घेतली, मंजुरीचे कागद आहेत का, हे त्यालाच विचारा. नसतील तर कोणताही नवा बदल करण्याआधी आरटीओमध्ये जाऊन नोंद कशी दुरुस्त होईल ते विचारून घ्या.

बाकी कागद नेहमीचेच आहेत. मालकी हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी. विमा स्वतःच्या नावावर करून घ्यायला १४ दिवसांची मुदत असते, हे बरेच जण विसरतात.

पाणी आत येतंय का?

मोटरहोमला आतून संपवतं ते पाणी. छपराला एसीसाठी, व्हेंटसाठी, सोलरच्या वायरसाठी भोकं पाडलेली असतात. खिडक्या मूळ पत्रा कापून बसवलेल्या असतात. प्रत्येक भोकाभोवतीचं सीलंट उन्हात वाळतं, तडकतं आणि पावसाळ्यात तिथून पाणी झिरपतं. बाहेरून काहीच दिसत नाही. आत मात्र प्लाय फुगत असतो आणि पत्र्याला गंज चढत असतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. एकाने पाइप घेऊन छपरावर आणि खिडक्यांवर वीस-पंचवीस मिनिटं पाणी सोडायचं. दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन कोपरे, कपाटांच्या मागची बाजू आणि गादीखालची फळी बघायची. अंगठ्याने दाबल्यावर प्लाय मऊ लागला, कुबट वास आला किंवा सनमायका फुगलेला दिसला, तर ओल आधीपासूनच आहे असं समजा.

जुन्या सीलंटवरच नवा थर मारू नका. जुना खरवडून काढा, जागा कोरडी आणि स्वच्छ करा, मगच गाड्यांसाठी मिळणारं पॉलियुरेथेन सीलंट किंवा ब्यूटाइल टेप वापरा. बाथरूमच्या टाइल्ससाठी मिळणारं आंबट वासाचं सिलिकॉन पत्र्यावर टाळा. त्यातून निघणारं आम्ल धातूला गंज आणतं. कोकणात किंवा गोव्यात गाडी ठेवणार असाल तर खारी हवा हे काम आणखी भराभर करते.

हे काम पावसाळ्याआधी उरका. गळणाऱ्या छपराखाली नवं फर्निचर केलं तर ते एका पावसाळ्यात पुन्हा काढावं लागेल.

गाडी भुईकाट्यावर नेलीत का?

हे काम क्वचितच कुणी करतं, पण पुढच्या सगळ्या अपग्रेडचा हिशेब यावरच ठरतो. आरसीवर गाडीचं कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, लिहिलेलं असतं. गाडी, माणसं, पाणी, सामान सगळं धरून त्यापुढे जायचं नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा कमाल वजन ३,५०० किलो आहे. भुईकाट्यावर रिकामी गाडी २,९५० किलो भरली. उरले ५५० किलो. चार माणसांचे २८० किलो. १०० लिटर पाण्याची टाकी म्हणजे सरळ १०० किलो, कारण एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. भांडी, कपडे, किराणा, खुर्च्या मिळून ८० किलो. आता हातात फक्त ९० किलो राहिले. त्यात छपरावर एसी, सोलर पॅनेल आणि मोठी बॅटरी बसवायची असेल, तर जागा कुठे आहे?

पुढच्या आणि मागच्या चाकांचं वजन वेगवेगळं करून घ्या. संडास, पाण्याची टाकी आणि बॅटरी सगळं मागेच असेल, तर एकूण वजन बरोबर असूनही मागचा अॅक्सल जास्त भार वाहत असतो. छपरावर वजन वाढलं की घाटातल्या वळणावर गाडी जास्त झुकते. भोर घाट किंवा आंबोलीचा घाट उतरताना ब्रेकवर येणारा ताणही या वजनामुळेच वाढतो.

टायर बघताना नुसती नक्षी बघू नका. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५वा आठवडा. मोटरहोम महिनोन् महिने एका जागी उभं असतं, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरचं वय सहा वर्षांच्या पुढे असेल तर नवे टायर हेच तुमचं पहिलं अपग्रेड.

जाता जाता गाडीची उंची मोजा आणि चिठ्ठी लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. छपरावर एसी बसवला की उंची बदलते. रेल्वेखालच्या बोगद्यापाशी पोचल्यावर ती आठवायची वेळ येऊ नये.

एसी बॅटरीवर चालेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर आकड्यांतूनच मिळतं.

दिवसभराचा साधारण वापर असा धरूया:

- १२ व्होल्टचा ३० वॉटचा पंखा, १० तास: ३०० वॉट-तास
- ५ वॉटचे चार दिवे, ४ तास: ८० वॉट-तास
- १२ व्होल्टचा छोटा फ्रिज: साधारण ५०० वॉट-तास
- मोबाइल आणि लॅपटॉप: १५० वॉट-तास

एकूण झाले १,०३० वॉट-तास. आता बॅटरीकडे बघा. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १५० अँपिअर-तासाची लेड-अॅसिड बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. पण ती निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे वापरायला मिळतात ९०० आणि वजन ५० किलोच्या पुढे. १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण १,२८० वॉट-तासांची असते, त्यातले हजारभर निर्धास्त वापरता येतात आणि वजन १२ किलोच्या आसपास. वजनाचा हिशेब आठवला की लिथियम महाग असूनही लोक तिच्याकडे का वळतात ते कळेल.

एक टनाचा एसी चालताना साधारण हजार वॉट ओढतो. म्हणजे पूर्ण दिवसाची वीज तासाभरात संपली. इंडक्शनवर अर्धा तास स्वयंपाक केला तरी सातशे-साडेसातशे वॉट-तास जातात. छपरावरचं २०० वॉटचं सोलर पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी ७०० ते ८०० वॉट-तास देतं, ढगाळ दिवशी त्याहून बरंच कमी. म्हणून एसी चालवायचा असेल तर बाहेरून विजेचं कनेक्शन मिळेल अशाच जागी मुक्काम करायचा, हे धरून चाला. आधी छपराला हवा बाहेर फेकणारा चांगला पंखा आणि खिडक्यांना उन्हाचे परावर्तक पडदे लावा. बऱ्याच जणांचं काम तेवढ्यावर भागतं.

लिथियम बॅटरी आणली आणि जुन्या वायरला जोडली, असं करू नका. ती चार्ज होताना इंजिनच्या अल्टरनेटरकडून खूप करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. बाहेरून २३० व्होल्टची वीज घेत असाल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. होमस्टेच्या साध्या पाच अँपिअरच्या सॉकेटवर एसी आणि गीझर एकदम लावू नका.

हा भाग टाळू नका: गॅस आणि धूर

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याने त्यांचा मृत्यू झाल्याचं तपासात समोर आलं.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येईलच असं नाही. म्हणून झोपताना जनरेटर किंवा गाडीचं इंजिन चालू ठेवून एसी लावायचा नाही. गाडीच्या फरशीला आधीच्या मालकाने वायर किंवा पाइपसाठी पाडलेली भोकं शोधून बुजवा. शेगडी किंवा शेकोटीचे निखारे गाडी गरम ठेवायला आत आणू नका.

एलपीजीचं उलट आहे. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे गळला की फरशीवर साचतो. सिलिंडरच्या कप्प्यातून तो बाहेर पडावा म्हणून तळाशी बाहेरच्या बाजूला उघडणारी भोकं असावी लागतात. ती मात्र बुजवायची नाहीत. म्हणजे फरशीतली फालतू भोकं बंद आणि गॅसच्या कप्प्यातली भोकं उघडी. दोन्हींत गल्लत करू नका.

जुनी रबरी नळी आणि रेग्युलेटर गाडी घेतल्या घेतल्या बदला. गाडी चालू असताना सिलिंडर बंदच ठेवा. झोपण्याच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, फरशीलगत एलपीजीचा अलार्म आणि दाराजवळ आग विझवायचं यंत्र, एवढी खरेदी गादीच्या आधी झाली पाहिजे.

टाकी आणि संडास

पिण्याच्या पाण्याची टाकी किती महिने बंद होती हे तुम्हाला माहीत नसतं. ती घासून, क्लोरीनचं पाणी काही तास भरून ठेवून, नळ सोडून पूर्ण धुवून घ्या. वास गेला नाही तर पाइप बदला. संडासाची पेटी कुठे रिकामी करायची, हे निघायच्या आधीच ठरवा. नाला, नदी किंवा शेताचा बांध ही ती जागा नाही. मोटरहोमवाल्यांना गावात पुन्हा उभं राहू द्यायचं की नाही, हे अशाच गोष्टींवरून ठरतं.

मग अपग्रेड कधी करायचं?

पहिली रात्र स्वतःच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये काढा. हसू नका, खरंच काढा. पाण्याचा पंप रात्री किती आवाज करतो, बेडवरून उठताना डोकं कुठे आपटतं, स्विच कुठे हवा होता, हे त्या एका रात्रीत कळतं. मग घरापासून ५० किलोमीटरच्या आत दोन दिवस जा. मग एक लांबची फेरी. प्रत्येक वेळी वहीत दोन रकाने करा: काय अडलं आणि काय वापरलंच नाही.

तीन फेऱ्यांनंतर ती वही बघा. ज्या गोष्टी तीनदा अडल्या, त्यांचं अपग्रेड आधी. जी कपाटं किंवा उपकरणं एकदाही उघडली नाहीत, ती काढून टाका म्हणजे वजन वाचेल. पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवा: कागद, गॅस आणि अलार्म, टायर आणि ब्रेक, गळती, बॅटरी आणि वायरिंग. पडदे, दिवे, गादी त्यानंतर.

रीलमध्ये दिसणारे ते पिवळे दिवे लावायला दोन तास पुरतात. ते शेवटी लावले तरी फोटो तितकाच छान येतो.