मोठा कॅमेरा फुटपाथवर उतरला तेव्हा

मोठ्या निगेटिव्हचा कॅमेरा म्हणजे पैसेवाल्यांचा शौक, अशी आमच्या फोटोग्राफी क्लबातल्या तरुण मंडळींची पक्की समजूत आहे. क्लब कसला, दिल्लीत पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवनापासून चालत जाण्याच्या अंतरावर एका खोलीत रविवारी जमणारी वीसेक माणसं. कोणी बँकेत, कोणी मंत्रालयात, दोघंतिघं यूपीएससीचा अभ्यास करणारी. मी माझा चार बाय पाच इंची लाकडी फील्ड कॅमेरा टेबलावर ठेवला, तर पहिला प्रश्न किमतीचाच. तेही खरंच. आज त्याच्या एका शीट फिल्मच्या पैशांत याच पहाडगंजात दोघांचं जेवण होतं. पण हा कॅमेरा महाग झाला तो शेवटी शेवटी. त्याआधी कित्येक वर्षं गरिबाला परवडणारा कॅमेरा हाच होता, आणि त्यांना सांगायचं होतं ते एवढंच.

यंत्र अगदी साधं. पुढे भिंग, मागे घासलेली काच, मध्ये हार्मोनियमसारखा कापडी किंवा चामडी भाता. डोक्यावर काळं कापड घेऊन काचेकडे पाहिलं की समोरचा माणूस खाली डोकं वर पाय दिसतो, डावं उजवं होतं ते वेगळंच. फोकस जमला की भिंग बंद करायचं, काचेच्या जागी होल्डर सरकवायचा, त्याची पट्टी उपसायची, मग एक्स्पोजर. एकदा पट्टी उपसली की समोरचं काही दिसत नाही. त्यामुळे फोटोग्राफर कॅमेऱ्यात बघत नाही, माणसाकडे बघतो. पस्तीस मिलिमीटरच्या फ्रेमपेक्षा चार बाय पाचच्या शीटचं क्षेत्रफळ सुमारे पंधरा पट. जुन्या स्टुडिओंची फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंचांची, म्हणजे चाळीस पट.

सुरुवात साहेबांनीच केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, हिंदुस्थानातली पहिली. कलकत्ता आणि मद्रास दोन वर्षांनी जागे झाले. पण मुंबईच्या सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड होते, त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. त्याहून मोलाची गोष्ट 1855 ची: एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामणींनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. फोटोग्राफीवर पोट भरणाऱ्या पहिल्या हिंदी लोकांत त्यांचं नाव घेतात. आमच्या क्लबाचे पूर्वज शोधायचे तर मी त्या वर्गात शोधीन. साहेबांच्या सोसायटीत चहा पीत ठसे एकमेकांना दाखवणाऱ्यांत नव्हे.

त्याच मुंबईतल्या विल्यम जॉन्सनने शहरातल्या जातीजमातींचे फोटो दोन खंडांत काढले, 1863 आणि 1866 साली. त्यातली माणसं एकीकडे उभी करून टिपलेली आणि मागचा देखावा दुसरीकडचा, दोन्ही जोडलेले. फोटोशॉपला नावं ठेवणाऱ्या आमच्या सेक्रेटरींना हे ऐकून फार आनंद झाला नाही.

दिल्लीचं खातं रक्तानेच उघडलं. सत्तावनच्या उठावानंतर फेलिचे बिआटो 1858 मध्ये इथे आला. मोडलेली, ओस पडलेली दिल्ली त्याने काचेवर घेतली, जामा मशिदीवरून सगळ्या शहराचं जोडचित्रही केलं. आग्र्याचे डॉ. जॉन मरे मेण लावलेल्या कागदावर भल्यामोठ्या निगेटिव्ह करत. यांच्या दिमतीला हमाल आणि तंबू होते. पण त्यानंतरचं मोठं नाव लाला दीनदयाळ यांचं, आणि ते तर इंदूरच्या बांधकाम खात्यातले नोकरदार. रुडकीला शिकले, नोकरी सांभाळत कॅमेरा हाती धरला, पुढे निजामाने त्यांना राजा केलं. त्यांच्या अडीच हजारांवर काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीतच, इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. आपले फाळकेही बडोद्याच्या कलाभवनात शिकून गोध्र्याला स्टुडिओ चालवत होते, तो सिनेमाच्या कितीतरी आधी. संस्थानिक गिऱ्हाईक असतील, पण काळ्या कापडाखाली डोकं घालणारा पगारी किंवा पोटासाठी धडपडणारा माणूस होता.

मोठी निगेटिव्ह अशा माणसाला का परवडे? कारण तिला एन्लार्जर लागत नाही. निगेटिव्हवर कागद ठेवायचा, चौकटीत दाबायचा, उन्हात धरायचा, झाला फोटो. वीज नसलेल्या तालुक्याच्या गावीही स्टुडिओ चाले तो यामुळे; छताला उत्तरेकडून काच बसवली की दिव्याचाही खर्च नाही. कॅमेरा सुतार दुरुस्त करी. केरळात अलप्पुळ्याला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका घराण्याकडे फाटक्या भात्याचा कॅमेरा आला. हार्मोनियमचा भाता शिवणाऱ्या हातांना तो काय अवघड? त्यातून पुढे ‘वागीश्वरी’ नावाचे सागवानी फील्ड कॅमेरे तयार झाले आणि देशभरच्या स्टुडिओंत गेले. शाळेचा ग्रुप फोटो घ्या. चार रांगा, बाकावर मास्तर, खाली मांडी घालून पहिलीची पोरं. ज्याच्या घरी तो टांगला आहे त्याला आपला चेहरा ओळखू यायला हवा, आणि तो येतो, कारण फुल प्लेटवर तेवढी जागा आहे. शिवाय मोठ्या निगेटिव्हवर पेन्सिल चालते. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं रिटचिंगवाला बारीक टोकाच्या पेन्सिलीने निगेटिव्हवरच बुजवी. पस्तीस मिलिमीटरवर करून बघा.

आता पहाडगंज. मुघलांच्या वेळी अजमेरी दरवाज्याबाहेरचा हा धान्याचा बाजार, नंतर शेजारी नवी दिल्ली स्टेशन आलं, आणि फाळणीनंतर आली निर्वासितांची गर्दी. दिल्लीची वस्ती 1941 साली सव्वानऊ लाखांच्या आत होती, 1951 साली साडेसतरा लाखांच्या आसपास. यातल्या किती जणांजवळ जमिनीचा कागद नव्हता, की घरच्यांचा फोटो नव्हता! आणि इथे तर प्रत्येक अर्जाला फोटो. अशा गिऱ्हाइकाला स्टुडिओत बसवून ‘परवा या’ म्हणणं शक्य नव्हतं. मी दिल्लीत नोकरीला लागलो तेव्हाही कचेऱ्यांच्या दारांशी, कोर्टांच्या भिंतीला लागून मिनिट कॅमेरेवाले दिसत. तीन पायांवर लाकडी खोकं, मागच्या भिंतीवर एक काळा पडदा, पुढे स्टूल, शेजारी पाण्याची बादली.

हा कॅमेरा मी अगदी जवळून पाहिला आहे, कारण दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी तिथेच घुटमळत असे. खोक्यातच डार्करूम. मागे कापडाची बाही शिवलेली, त्यातून हात आत. आत दोन ट्रे, एकात डेव्हलपर, दुसऱ्यात हायपो. फिल्म नाहीच, थेट ब्रोमाइड कागदाचा तुकडा. शटरही नाही, भिंगाची टोपी काढायची, मनात मोजायचं, टोपी लावायची. मग हात बाहीत. आतलं लाल काचेच्या खिडकीतून दिसे, पण बोटांनाच सगळं ठाऊक असायचं. बाहेर येई ती कागदाचीच निगेटिव्ह: गोरा माणूस काळा, काळा कोट पांढरा. ती बादलीत खंगाळून भिंगासमोरच्या फळीवर ओलीच चिकटवायची आणि तिचाच पुन्हा फोटो काढायचा. उलट्याचं उलट सुलट झालं. निगेटिव्ह एकच असली तरी प्रती हव्या तेवढ्या. मिनिट म्हणत, पण दहा मिनिटं सहज लागत, आणि गिऱ्हाईक तेवढा वेळ चहा पिऊन येई. जयपूरच्या हवा महालासमोर असा कॅमेरा अगदी अलीकडेपर्यंत चालू होता, मात्र तिथे गिऱ्हाईक पर्यटक.

या कारागिरांची नावं कुठल्या कॅटलॉगात नाहीत. दीनदयाळांच्या काचा सरकारी कपाटात जपून ठेवल्या आहेत. मिनिट कॅमेऱ्याच्या कागदी निगेटिव्ह संध्याकाळी केरात जात. मला यात अन्याय दिसतो, आणि क्लबात तो मी जरा चढ्या आवाजात सांगितला असावा, कारण एकजण म्हणाला, “काका, तुम्ही भाषण करताय.” असो.

रंगीत फोटोची अट अर्जांवर आली तेव्हा ही माणसं उठली. रंगीत कागद खोक्यातल्या लाल उजेडात धुता येत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर कलर लॅब निघाल्या, मग डिजिटल. फुल प्लेटचे कॅमेरे जुन्या बाजारात गेले, काही शोभेला हॉटेलांच्या लॉबीत. पहाडगंजातल्या एका हॉटेलात असा एक आहे. भात्यावर कृत्रिम फुलं खोचली आहेत.

म्हणून क्लबाला मी सांगितलं, शीट फिल्म मागवू नका. पहिल्यांदा मिनिट कॅमेरेवाल्याचा रस्ता धरा: होल्डरमध्ये ब्रोमाइड कागद घाला, त्याचा वेग तीन ते सहा आयएसओ धरा आणि टोपीने एक्स्पोजर द्या. तो जमला की एक्स-रे फिल्म. चांदनी चौकात भागीरथ पॅलेसला दवाखान्याच्या मालाचा घाऊक बाजार आहे, तिथे चौकशी करा. दोन्ही बाजूंना इमल्शन असतं, त्यामुळे नखानेही ओरखडा पडतो. कापताना जपायचं, धुताना सपाट तळाचा ट्रे हवा. एक सोय मात्र मोठी, मंद लाल दिव्यात काम करता येतं. लाल रंग या फिल्मला दिसतच नाही.

त्याचा दुसरा अर्थ मंडळींना लगेच कळला नाही. पहिल्याच एक्स-रे शीटवर आम्ही क्लबातल्या एका बाईंचा फोटो घेतला. लाल टिकली प्रिंटमध्ये ठार काळी, ओठही काळसर. शंभर वर्षांपूर्वीच्या बायकांच्या फोटोंत कुंकू असंच डांबरासारखं दिसतं, तेव्हाच्या प्लेटांनाही तांबडं दिसत नसे. बाई म्हणाल्या, “हे घरी दाखवायची सोय नाही.” मी निगेटिव्ह खिडकीशी धरली. टिकलीच्या जागी फिल्म पारदर्शक होती. तिथे पेन्सिलीने करडेपणा चढवला की प्रिंटमध्ये तेवढं उजळतं. रिटचिंगची पेन्सिल टोक काढून त्यांच्या हातात दिली. टिकली त्यांनी अर्ध्या तासात ठीक केली, आणि मग विचारलं, डोळ्यांखालचंही जमेल का?