उड्डाण-अंतर व उड्डाणवेळ (शिरूर-दौंड परिसर)

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर (घोडनदी) व दौंड या दोन्ही तालुक्यांत प्रवासी विमानतळ नाही. येथील हवाई प्रवासाची मोजणी लोहगावच्या पुणे विमानतळापासून होते. शिरूरहून तो साठेक, तर दौंडहून ऐंशीएक किमी आहे. हा पल्ला वेळापत्रकात धरलेला नसतो. शिरूरच्या वाटेवरील वाघोलीची वाहतूककोंडी तर नाहीच. खुद्द शिरूर व दौंड ही गावे सरळ रेषेत सुमारे 46 किमी दूर आहेत. जेट विमानाला हे अंतर सव्वातीन मिनिटांचे. भीमा ओलांडून जाणाऱ्या एसटीला तासाहून अधिक लागतो.

अंतर : पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणला तर पडेल ती रेषा (बृहद्वृत्ताचा कंस) प्रमाण मानतात. वैमानिक ती सागरी मैलांत मोजतात (1 सागरी मैल = 1.852 किमी). पुण्याहून दिल्ली सुमारे 1,155, दुबई 2,050, सिंगापूर 3,800 व फ्रँकफुर्ट 6,690 किमी पडते. प्रत्यक्ष मार्ग याहून थोडा लांबच असतो.

वेळ : ताशी 830 किमी वेगाने दिल्लीला 1 तास 25 मिनिटे पुरावीत, वेळापत्रकात मात्र दोन तास किंवा त्याहून जास्त दाखवतात. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात येतो. शिवाय लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ (स्थापना 1939) असून धावपट्टी एकच आहे, त्यामुळे विमानांना थांबावे लागते. सुटण्याच्या व पोचण्याच्या वेळांची वजाबाकी म्हणजे उड्डाणवेळ, हा समज परदेशी प्रवासात फसवा ठरतो : दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे, जर्मनीचे हिवाळ्यात साडेचार व उन्हाळ्यात साडेतीन तास.

लांब पल्ल्याची सेवा : लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच किमी लांबीची असल्याने पूर्ण भारलेल्या मोठ्या विमानांना येथून दूरची झेप अवघड जाते. लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीने 2008 साली सुरू केलेल्या पुणे-फ्रँकफुर्ट सेवेसाठी बोइंग 737 जातीचे लहान विमान, तेही केवळ बिझनेस वर्गाच्या आसनांचे, वापरले गेले. शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत एलजी या कोरियन कंपनीचा कारखाना आहे. तिच्या कामासाठी कोरियाला जाणाऱ्यांना पुणे-इंचॉन (सोल) अंतर सुमारे 5,490 किमी असले, तरी थेट विमान नाही. दिल्लीमार्गे ते 5,800 किमी होते. म्हणजे किलोमीटर थोडेच वाढतात, तास वाढतात ते दिल्लीतल्या ताटकळण्याने.

पुरंदर विमानतळ : पुणे जिल्ह्यातीलच पुरंदर तालुक्यात 2016 पासून प्रस्तावित. भूसंपादनास स्थानिकांचा विरोध झाला. विमानतळ झाल्यास दौंडहून तेथवरचा रस्ता कमी होईल. शिरूरला विशेष लाभ नाही.