तहानलेल्या मुलाची शुश्रूषा

मी वैद्य नाहीं, डॉक्टरहि नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलों आणि सारा जन्म मुलांना शिकविण्यांत घालविला. तरीहि मुलांच्या एका नेहमींच्या दुखण्याचा, आणि त्यांतील शुश्रूषेचा, इतिहास आज आपणांस सांगण्याचें धाडस करीत आहें. त्याला कारण घरचेंच आहे.

साठएक वर्षांपूर्वींची गोष्ट. मी सहा-सात वर्षांचा होतों आणि माझी धाकटी बहीण दीड-दोन वर्षांची. ऐन उन्हाळ्यांत तिला जुलाब व वांत्या सुरू झाल्या. वडीलधाऱ्यांचा हुकूम झाला कीं, पोरीला पाण्याचा थेंबहि देऊं नये; दिलेलें पाणी जुलाबावाटेंच बाहेर पडतें व दुखणें वाढतें. माजघराच्या कोपऱ्यांत रांजण होता. ती पुनःपुन्हां त्याच्याकडे हात करी. मीं एकदां फुलपात्र भरून नेलें, तें आजीनें माझ्या हातून काढून घेतलें. दुसऱ्या दिवशीं पहाटे सारें आटोपलें. आजीची माया कमी होती असें मी कधींहि म्हणणार नाहीं. रात्रभर तीच त्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. उणीव होती ती ज्ञानाची. आणि ही उणीव आमच्या एकट्या घरची नव्हती. आंतड्यांना विश्रांति मिळावी म्हणून अन्नपाणी तोडावें, असें मानणारे डॉक्टरहि त्या काळीं पुष्कळ होते.

वास्तविक, जुलाबानें माणूस कां दगावतो याचें उत्तर फार पूर्वींच सांपडलें होतें. १८३१-३२ सालीं इंग्लंडांत पटकीची सांथ आली, तेव्हां ओशॉनेसी नांवाच्या तरुण डॉक्टरानें रोग्यांचें रक्त तपासलें व त्यांतील पाणी आणि क्षार कमी झालेले असतात हें दाखवून दिलें. लागलीच १८३२ सालीं स्कॉटलंडांतील लीथ येथें टॉमस लॅटा यानें क्षारमिश्रित पाणी थेट शिरेंत सोडून मरणोन्मुख रोगी शुद्धीवर आणले. पुढें ही पद्धति पुष्कळ सुधारली. परंतु तिला निर्जंतुक बाटल्या, सुया, शिकलेला हात आणि रुग्णालयाची खाट लागते. खेड्यांतल्या मुलाच्या वांट्याला यांपैकीं काय येणार?

मग तेंच पाणी तोंडानें कां देऊं नये? अडचण अशी कीं, नुसतें मिठाचें पाणी जुलाबाच्या वेळीं आंतड्यांत नीटसें शोषलें जात नाहीं. कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनीं पटकीच्या १८६ रोग्यांना ग्लुकोज व मीठ घातलेलें पाणी तोंडानें दिल्याची हकीकत १९५३ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली. पण तिकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १९६० सालीं रॉबर्ट क्रेन यांनीं यामागील मर्म उलगडलें. साखर आणि मीठ आंतड्यांतून जोडीनें आंत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलें जातें. जुलाबाच्या भरांतहि हा दरवाजा उघडा राहतो. १९६८ सालीं ढाक्याच्या संशोधनशाळेंत नेलिन आणि कॅश या डॉक्टरांनीं पटकीच्या रोग्यांवर याचा पडताळा घेतला. तरीहि हा उपाय डॉक्टरांच्या नजरेखालींच द्यावा, असाच समज राहिला.

तो समज मोडला १९७१ सालीं. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून आले आणि बनगांवच्या परिसरांत पटकी उसळली. तेथें डॉ. दिलीप महालनबिस हे मुलांचे डॉक्टर कामाला होते. रुग्णालयाच्या दोन खोल्यांत जमिनीवर दाटीवाटीनें रोगी पडलेले. शिरेंतून द्यावयाच्या पाण्याचा सांठा संपत आलेला, आणि तें देण्यास शिकलेलीं माणसें अगदीं थोडीं. तेव्हां त्यांनीं निश्चय केला. कलकत्त्यास, एका संशोधनकेंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलींत, मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरण्यांत आलें व त्यांचीं तोंडें तापलेल्या इस्त्रीनें बंद केलीं. बनगांवास तें मिश्रण पिपांतील पाण्यांत कालवीत. पिपाला तोटी असे, आणि रोग्याची आई, बाप, भाऊ, जो कोणी जवळ असेल त्यानें पेला भरून न्यावा व पाजावा. अत्यंत खालावलेल्यांनाच प्रथम शिरेंतून पाणी देत. खर्च लिटरमागें सुमारें अकरा पैसे! पूर्वीं शंभरांत तीसच्या आसपास रोगी दगावत. त्यांच्या देखरेखीखालील छावणींत तें प्रमाण शेंकडा ३.६ वर आलें. हें द्रावण कसें करावें, याची पत्रकें सीमेवर वांटलीं गेलीं आणि बांगलादेशच्या गुप्त नभोवाणीवरूनहि ती माहिती सांगितली गेली. नभोवाणीवर बोलतांना मला या गोष्टीची विशेष आठवण होते.

महालनबिस २०२२ सालीं निवर्तले. त्यांना २०२३ सालीं मरणोत्तर पद्मविभूषण देण्यांत आलें.

माझ्यासारख्या शिक्षकाला मात्र याच्या पुढची कथा अधिक मोलाची वाटते. १९८० ते १९९० या दहा वर्षांत बांगलादेशांतील 'ब्रॅक' या संस्थेच्या शिक्षिका घरोघर हिंडल्या आणि एक कोटीहून अधिक घरीं त्यांनीं ही विद्या पोंचविली. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ, एवढेंच साहित्य. शिक्षिकेनें नुसतें सांगून भागत नसे. आईकडूनच तें बनवून घ्यावें लागे. पुढें कांहीं दिवसांनीं दुसरें कोणी जाऊन आईला काय आठवतें हें पाही, आणि त्या आठवणीवर शिक्षिकेचें वेतन ठरे. आम्हां मास्तरांचे पगार विद्यार्थ्यांच्या स्मरणावर ठरते, तर आमच्यापैकीं कित्येकांची उपासमार झाली असती! परंतु अक्षरओळख नसलेल्या लक्षावधि मातांना हें शिकवितां आलें, यांत शिकविण्याचें सारें सार आलें.

१९८० च्या सुमारास जगांत अतिसारानें दरसाल सुमारें पंचेचाळीस लक्ष लहान मुलें दगावत. आतां हा आंकडा पांच लक्षांच्या आंत आला आहे. याचें श्रेय स्वच्छ पाणी आणि लसी यांनाहि आहे. पण मोठा वांटा या साध्या पाण्याचा.

म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्यांना एवढेंच सांगणें आहे. मुलाला जुलाब लागतांच पाणी तोडूं नका. औषधांच्या दुकानांत मिळणारी क्षार-साखरेची पुडी, तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यांत कालवा. अंदाजानें कमीअधिक पाणी घालूं नका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घाला; मीठ याहून अधिक नको. चमच्याचमच्यानें पाजा. वांती झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां सावकाश सुरू करा. अंगावरचें दूध व नेहमींचें अन्न बंद करूं नका. जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें दहा ते चौदा दिवस द्या. मूल मलूल पडलें, डोळे खोल गेले, पिईनासें झालें किंवा शौचांत रक्त दिसलें, तर घरीं वेळ न दवडतां रुग्णालय गांठा.

आमच्या माजघरांत त्या रात्रीं पाणी होतें, मीठ होतें, गूळहि होता. पाजणारे हातहि होते. हें ज्ञान तेवढें त्या घरीं पोंचलें नव्हतें. आज तें आपल्या घरीं पोंचलेलें आहे. आपल्या शेजारच्या घरींहि तें पोंचलें आहे कीं नाहीं, एवढें आज संध्याकाळीं विचारून या.